मूर्तीची पाठही दिसू द्या : शिल्पेतिहासाचे दालन उभारणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शासकीय व विश्वस्त वस्तुसंग्रहालयांचे संचालक, अभिरक्षक आणि दालनांचे रचनाकार यांस

सविनय नमस्कार.

एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची योजना निघाली, की ‘शिल्पकलेचा इतिहास’ या नावाचे एक दालन तिच्यात हमखास असते आणि त्या दालनाचा आराखडाही बहुधा ठरलेला असतो. सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव अशा क्रमाने भिंतीला टेकवलेल्या मूर्ती, प्रत्येकीखाली ‘विष्णू, पाषाण, इ. स. १२ वे शतक’ अशा धर्तीची चिठ्ठी, छतातून पडणारा एकसारखा पांढरा प्रकाश आणि यादवांबरोबर संपून जाणारा इतिहास. मी शिल्पकलेचा शिक्षक होतो आणि माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन अशा दालनांत दरवर्षी जात असे. मुले चिठ्ठी वाचत, वहीत उतरवून घेत आणि पुढच्या मूर्तीकडे सरकत. ज्यांचे हात रोज मातीत असत, त्यांनाही त्या मूर्तींपुढे थांबावेसे वाटत नसे, आणि याचा दोष मी त्यांना कधी दिला नाही, कारण थांबून काय पाहावे हे त्या मांडणीतून त्यांना कळतच नव्हते. म्हणून आपल्याकडे माझी एकच मागणी आहे. मूर्ती कोणत्या देवाची आणि कोणत्या शतकातली, एवढ्यावर थांबू नये. ती कोणत्या दगडातून, कोणाच्या हातून आणि कोणत्या जागेसाठी घडली, हे प्रेक्षकाला त्या मूर्तीवरच वाचता येईल अशी मांडणी करावी.

मी असे का म्हणतो, हे एका वीरगळाच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेच्या, उदाहरणाने सांगतो. एका संग्रहालयाच्या आवारात (त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण हा प्रकार अनेक ठिकाणी झालेला आहे) एक उत्तम वीरगळ सिमेंटच्या चौथऱ्यात पक्का बसवलेला मी पाहिला. दगड पडू नये म्हणून त्याचा खालचा हातभर भाग चौथऱ्यात गाडला होता. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो, पुष्कळदा शेजारी गाईगुरे असतात, म्हणजे कशासाठी लढाई झाली ते कळते. त्यावरच्या चौकटीत प्रत्यक्ष लढाई. त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. आणि माथ्याशी शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, वर चंद्र-सूर्य. त्या चौथऱ्याने खालची चौकट गिळून टाकली होती. गावच्या गुरांसाठी मेलेला तो माणूस आता कशासाठी मेला, हे कोणालाही कळण्याचा मार्ग उरला नव्हता. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने खाली बसून सिमेंटच्या कडेशी बोट फिरवले, तेव्हा गाईच्या शिंगाचे टोक तेवढे तिच्या बोटाला लागले.

मूर्ती उभी करणे हे बांधकाम खात्याचे काम आहे असे समजले, की असे घडते. वीरगळासाठी खालची चौकट डोळ्यांच्या पातळीला येईल एवढा उंच आधार, दगडाला न चिकटणारी लोखंडी बैठक आणि शेजारी खालून वर जाणारे चार ओळींचे वाचन, एवढे केले तरी आठ-दहा वर्षांचे मूलही तो वीरगळ स्वतः वाचू शकेल. बोरिवलीजवळच्या एक्सर गावच्या वीरगळांवर तर डोलकाठ्या आणि वल्ह्यांच्या रांगा असलेल्या गलबतांची सागरी लढाई कोरलेली आहे. कोकणच्या आरमाराचा इतका जुना आणि इतका बोलका पुरावा कितीशा मुंबईकरांनी पाहिला आहे? आणि वीरगळाच्याच पंक्तीतल्या गधेगळांबद्दल, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेल्या शिळांबद्दल, आपल्या संग्रहालयांना जो संकोच वाटतो, तोही सोडावा, असे मी आग्रहाने म्हणेन. अलिबागजवळच्या आक्षी येथील प्रसिद्ध मराठी शिलालेख गधेगळावरच कोरलेला आहे. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी त्या काळाच्या कायद्याची भाषा होती. तिची शिळा कोठाराच्या कोपऱ्यात पालथी घालून ठेवल्याने इतिहास अधिक सभ्य होत नाही.

आता प्रकाशाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते दालनाचे यश निम्म्याहून अधिक त्यावरच अवलंबून आहे. आपला दगड काळा बेसॉल्ट आहे. मथुरेच्या तांबड्या वालुकाश्मासारखा तो उजळत नाही, संगमरवरासारखा प्रकाश आत घेत नाही. तो प्रकाश पिऊन टाकतो. समोरून किंवा सरळ वरून दिवा सोडला, की कोरीव कामाचा उठाव मिटतो आणि उरते ती एक काळसर आकृती. तोच दिवा एका बाजूने, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर तिरपा सोडावा. कमरेच्या मेखलेचा प्रत्येक पदर आपली सावली टाकू लागतो, ओठांची कड दिसते, आणि ज्या ठिकाणी पॉलिश केलेले नाही तिथे टाकीचे घाव एकाखाली एक रांगेने उभे राहतात. त्या घावांच्या दिशेवरून कारागीर कोणत्या बाजूला उभा होता हे सांगता येते. कुठे बारीक, जवळजवळचे ठोके आहेत, कुठे मोठाले, घाईचे. म्हणजे कुठे मुख्य शिल्पीचा हात होता आणि कुठे शिकाऊ मुलाचा, याचाही अंदाज बांधता येतो. हे सारे मी एका कोठारात, हातातल्या विजेरीच्या उजेडात, पाच-सहा विद्यार्थ्यांना दाखवले आहे, आणि दालनात ज्यांनी जांभया दिल्या होत्या तीच मुले त्या धुळीत दोन तास उकिडवी बसून राहिली.

याच कारणाने मूर्तीची पाठ दाखवावी, अशी माझी विनंती आहे. देवळाच्या देवकोष्ठात, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, बसणाऱ्या मूर्तीची पाठ शिल्पीने बहुतेक वेळा ओबडधोबडच ठेवलेली असते. तिच्यावर खाणीतून दगड सुटा करतानाच्या पाचरींच्या खुणा असतात, भिंतीत बसवण्यासाठी ठेवलेली कूस असते, कधी तळाला खुंटीसाठी पाडलेले भोक असते. ही मूर्ती कधी काळी एका भिंतीचा भाग होती, तिच्या डाव्या-उजव्या हाताला दुसऱ्या मूर्ती होत्या, पाहणारा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता, हे पाठ सांगते. भिंतीला चिकटवलेली मूर्ती हे काहीच सांगू शकत नाही. सगळ्याच मूर्ती दालनाच्या मधोमध आणणे जागेअभावी शक्य नाही, हे मी जाणतो. पण प्रत्येक कालखंडातली निदान एक मूर्ती भिंतीपासून चार हात पुढे घ्यावी आणि तिच्या मागे, ती जिथून आली त्या देवळाच्या भिंतीचे रेखाचित्र, तिची मूळ जागा रंगवून, लावावे. सिन्नरचे गोंदेश्वर, अंबरनाथचे शिवमंदिर, खिद्रापूरचे कोपेश्वर ही देवळे आजही उभी आहेत. भिंतीवरची मूर्ती कशी दिसते हे दाखवायला कल्पनेची गरज नाही.

महाराष्ट्राच्या शिल्पेतिहासाचा सर्वांत मोठा भाग मात्र कोणत्याही दालनात आणताच येत नाही, कारण तो डोंगरात आहे. भाजे, कार्ले, कान्हेरी, अजिंठा, घारापुरी, वेरूळ. हे काम दगडावर दगड रचून झालेले नाही. नको असलेला कातळ काढून टाकून झालेले आहे, आणि वेरूळच्या कैलासात तर ते माथ्यापासून पायथ्याकडे झाले आहे. मागची कातळभिंत सुमारे १०० फूट उंच; शिखर आधी घडले, जोते शेवटी. चुकलेला दगड परत लावता येत नाही. प्रेक्षकाला ही गोष्ट शब्दांनी सांगून पटत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने उकलत जाणारी लाकडी किंवा प्लास्टरची प्रतिकृती तिथे हवी, जिचे थर मुलांना हाताने काढता येतील. कैलासाच्या काही भागांवर जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष अजून आहेत आणि त्याला रंगमहाल हे नावही होते. आज आपण ज्या काळ्या दगडाला पूर्ण शिल्प समजतो, त्यावर एके काळी पांढरा गिलावा आणि रंग होता, हे दालनात एका तरी प्रतिकृतीवर रंगवून दाखवायला हवे. अनेकांना ते पाहवणार नाही, पण ते खरे आहे.

प्रतिकृतींविषयी आपल्याकडे एक अनाठायी कमीपणा आहे. अस्सल तेवढेच दालनात, प्लास्टरची प्रत म्हणजे शोभेची वस्तू, असा समज आहे. मला तो मुळीच मान्य नाही. परळचे भव्य शिवशिल्प १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना सापडले. सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या एकाच शिळेत, एका शिवातून दुसरा शिव निघावा तसे सात शिव आणि पायाशी वाद्ये घेतलेले गण. ते आज परळच्या बारादेवीच्या देवळात पूजेत आहे आणि त्याची प्लास्टरची प्रत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मला ही वाटणी आदर्श वाटते. देव गावकऱ्यांकडे राहिला, हळद-कुंकू चालू राहिले, आणि अभ्यासकाला जवळून पाहण्यासाठी प्रत मिळाली. खेडोपाडी पाराखाली, नदीकाठी, शेंदूर लावलेल्या ज्या शेकडो शिळा आहेत, त्या उचलून आणण्याचा मोह नव्या दालनांनी धरू नये. त्यांचा साचा घ्यावा, आणि प्रतीच्या चिठ्ठीवर मूळ शिळा कोणत्या गावात, कोणाच्या नित्यपूजेत आहे हे त्या गावाचा मान राखून लिहावे. शेंदराखाली काय आहे हे कळण्यासाठी शेंदूर खरवडण्याचीही गरज नाही. शेंदूर हाही त्या शिळेच्या इतिहासाचा एक थर आहे.

दालनाची सुरुवात कुठून करावी, याबद्दलही माझे मत नोंदवतो. पहिली वस्तू दगडाची नसावी. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात एका घराच्या जमिनीखाली मातीचे अंडाकृती भांडे सापडले, त्यात न भाजलेल्या मातीची एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती आणि सोबत एक बैल; दोघांनाही भोके अशी, की काडी घालून ती बैलावर बसवता यावी. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोणा घरच्या बाईने किंवा पुरुषाने ती बोटांनी दाबून केली आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली मिळालेल्या चार कांस्यशिल्पांचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक भरते: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ, ज्याच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. हे ओतकाम मेणाचा नमुना वितळवून टाकण्याच्या पद्धतीचे, ज्याला पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मधूच्छिष्टविधान म्हटले आहे. कोल्हापूरच्या पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला सापडलेला रोमन समुद्रदेव पोसायडन तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहनकाळच्या व्यापाराने परदेशचे शिल्प इथल्या माणसांच्या नजरेपुढे आणले होते, हे सांगायला त्या वितीपेक्षा मोठ्या नसलेल्या मूर्तीएवढी बोलकी वस्तू नाही. या साऱ्या वस्तू लहान आहेत, म्हणून त्यांना दालनाच्या कडेची काचपेटी मिळते. त्यांना मधली जागा मिळावी.

जे उरलेले नाही, तेही मांडता येते. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती भिंतीवर कोरलेल्या होत्या. वर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावे अजून वाचता येतात, पण मूर्ती गेल्या. कुठे पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. महाराष्ट्रातल्या राजपुरुषांच्या इतक्या जुन्या व्यक्तिशिल्पांची ही रांग रिकामी आहे, आणि त्या रिकाम्या भिंतीची पूर्ण मापाची छापील प्रत दालनात लावली, तर तिच्यासमोर लोक थांबतील. तोडमोडीची गोष्टही लपवू नये. घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाचे नाव एलिफंटा ठेवले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत पडून फुटला, आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून भायखळ्याच्या बागेत, आजच्या जिजामाता उद्यानात उभा केला गेला. त्याच्या अंगावरचे सांधे जवळून पाहिले की एका शतकाची राजवट कशी वागली, हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या दालनातल्या प्रत्येक भंगलेल्या मूर्तीबाबत, माहीत असेल तिथे, ती कशी भंगली हे चिठ्ठीवर यावे.

घडवणाऱ्यांची नावे आपल्याला फारशी मिळत नाहीत, हे खरे. पण जी मिळतात ती तरी ठळक लिहावीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असे अभिमानाने नोंदवणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सर्वांना ठाऊक असतो. त्याच लेण्यात धेनुकाकट गावचा वढकी (सुतार) सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचे मुख केले असाही लेख आहे. एका कारागिराने आपले आणि आपल्या बापाचे नाव दोन हजार वर्षे टिकवले आहे. दालनातल्या चिठ्ठीवर दात्याचे नाव ज्या आकाराच्या अक्षरांत लिहाल, त्याच आकारात सामीचे लिहावे. आणि आजचे पाथरवट, वडार, ओतारी, टाक घडवणारे सोनार, पेणचे मूर्तिकार यांना उद्घाटनाच्या दिवशी सत्काराला बोलावण्याऐवजी मांडणी ठरवण्याच्या बैठकीला बोलवावे. देवघरातला खंडोबाचा टाक, चांदीच्या पत्र्यावर मागून ठोकून उठवलेला, ही उठावशिल्पाचीच परंपरा आहे आणि ती घराघरांत आजही चालू आहे. शिल्पाच्या इतिहासात तिला स्थान का नसावे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

यादवांनंतर इतिहास संपत नाही, हा माझा शेवटचा मोठा मुद्दा. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेने इथल्या शिल्पाला नवे वळण दिले. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत, १८९६ च्या सुमारास, प्लास्टरमध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेला निघालेली नऊवारीतली ती तरुणी पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या हाताने घडली आहे, पण तिच्या लुगड्याच्या निऱ्या आणि पावलाची ठेवण कोणत्याही परदेशी शिल्पीला जमली नसती. विनायकराव करमरकरांचा पुण्याचा अश्वारूढ शिवाजी १९२८ चा, माझगावच्या गोदीत ओतलेला. त्याच करमरकरांनी अलिबागजवळच्या आपल्या सासवणे गावी साध्या सिमेंटमध्ये माणसे आणि जनावरे घडवली, आणि त्यांचे घर आज संग्रहालय आहे. बाळाजी तालीम यांची १९५४ ची शिर्डीची साईमूर्ती लाखो लोक पाहतात, पण ती घडवणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? वसईचे रघुनाथराव फडके, ‘गेटवे’समोरचा अश्वारूढ शिवाजी घडवणारे सदाशिव साठे, तरुणपणी वेरूळ-अजिंठ्याच्या डागडुजीत काम केलेले राम सुतार ही सारी नावे त्याच परंपरेत येतात. सुतारांच्या त्या डागडुजीच्या कामाचा धागा धरला, तर आठव्या शतकाची भिंत आणि विसाव्या शतकाचा पुतळा एकाच दालनात ओढाताण न करता उभे राहतील. चौकांतल्या पुतळ्यांवरून आज समाजात इतके बोलले जाते, तर पुतळा कसा घडतो, मातीचा नमुना, प्लास्टरचा साचा, मेण, ओतकाम, छिन्नीने काढलेले सांधे, हे दाखवणे संग्रहालयाने आपले कर्तव्य मानावे.

काही लहान गोष्टी घाईने सांगतो. चिठ्ठ्या आधी मराठीत लिहाव्यात, इंग्रजीतून भाषांतरित करू नयेत. आपल्याकडे त्रिभंग, कटिहस्त, आयुधे, प्रभावळ, देवकोष्ठ हे शब्द आहेत आणि ते एकदा चित्रासह समजावले की पुन्हा समजवावे लागत नाहीत. शंख, चक्र, गदा आणि पद्म चार हातांत कोणत्या क्रमाने आहेत यावरून विष्णूची चोवीस रूपे ओळखतात, हा तर मुलांसाठी तयार खेळच आहे. अंध प्रेक्षकांसाठी प्रत्येक विभागात किमान एक वस्तू स्पर्श करण्यासाठी मोकळी असावी, आणि ती मऊ प्लास्टिकची असू नये, खऱ्या बेसॉल्टची असावी, कारण दगडाचा थंडपणा आणि जडपणा हाताला कळणे हीच शिल्पाची पहिली ओळख आहे.

एक शेवटची विनंती. आराखडा पक्का होऊन निविदा निघण्याआधी आपण, आपले रचनाकार आणि दिव्यांचे काम करणारे कंत्राटदार यांनी, एखाद्या पाथरवटाला सोबत घेऊन, आपल्याच संग्रहालयाच्या कोठारात एक संध्याकाळ घालवावी. दिवे मालवावेत आणि एकेका मूर्तीवर बाजूने विजेरी धरून पाहावे, पाथरवटाला बोलू द्यावे, आणि मग दालनाचा नकाशा पुन्हा हाती घ्यावा. आपण मला कळवलेत, तर विजेरी धरायला मी येईन.

आपला नम्र,
शिल्पकलेचा एक निवृत्त शिक्षक